मावशी, हा फोटो खरा आहे का?

जानेवारीत घरच्या ग्रुपवर गुरूचा फोटो टाकला, तर भाच्याचा लगेच प्रश्न आला, "मावशी, हा फोटो खरा आहे की कुठल्या ॲपमधला?" भाचा १२ वर्षांचा आहे आणि त्याची शंका रास्त होती. फोटोत गुरूवरचे तपकिरी पट्टे होते, कडेला लाल डाग होता, आणि तो काढला होता डोंबिवलीतल्या आमच्या गच्चीवरून, जिथून रात्री धड ५० तारे मोजता येत नाहीत. नुसतं "खरा आहे रे" म्हटलं असतं तर उत्तर अर्धवट राहिलं असतं, कारण तो एका क्लिकचा फोटो नव्हताच. २ मिनिटांत १२,००० फ्रेम घेतल्या, त्यातल्या १,८०० निवडल्या आणि त्या एकमेकींवर रचून ते एक चित्र तयार झालं. मग त्याला खरं म्हणायचं का? त्याला जे समजावलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी गुरू केवढा दिसतो ते बघू. आकाशातली मापं अंशांत मोजतात. अंशाचे ६० भाग केले की एक कला, कलेचे ६० भाग केले की एक विकला. पौर्णिमेचा चंद्र साधारण अर्ध्या अंशाचा, म्हणजे १,८०० विकलांचा. गुरू पृथ्वीजवळ आलेला असतानाही जेमतेम ४७ विकलांचा भरतो. १० रुपयांचं नाणं १२० मीटरवर धरलं तर तेवढंच दिसेल. १२ डब्यांची लोकल फलाटाला लागली आहे, आपण मधल्या डब्यापाशी उभे आहोत, शेवटच्या डब्याजवळ कोणीतरी नाणं धरलं आहे आणि आपल्याला त्यावरचा आकडा वाचायचा आहे, असं समजा.

माझी दुर्बीण ८ इंची आरशाची आहे. हौशी लोकांमध्ये हे मध्यम माप. एवढा आरसा सुमारे ०.६ विकला अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दाखवू शकतो. म्हणजे गुरूच्या बिंबावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ८० च्या आसपास ठिपके वेगळे ओळखता यावेत. चांगल्या फोटोला तेवढं पुरतं. अडचण दुर्बिणीची नाही, मधल्या हवेची आहे.

वाहत्या ओढ्याच्या तळाशी पडलेलं नाणं कधी निरखून पाहिलं आहे? पाणी स्वच्छ असतं, पण नाणं सारखं हलतं, वाकडं होतं, फुटल्यासारखं दिसतं. आपल्या डोक्यावरच्या हवेतही कमी-जास्त तापमानाचे थर एकमेकांत मिसळत असतात आणि प्रत्येक थर प्रकाशाला किंचित वेगळा वाकवतो. तारे लुकलुकतात ते यामुळेच. गुरूचा १ सेकंदाचा फोटो काढला तर त्या सेकंदातली सगळी थरथर एकत्र मिसळते आणि ०.६ विकलांचा तपशील २-३ विकलांच्या डागात पुसला जातो. हाती येतो एक पिवळट लाडू.

पण ओढ्याकडे बघत बसलात तर मध्येच एक क्षण असा येतो की पाणी निवळतं आणि नाण्यावरचा आकडा लख्ख दिसतो. पुढच्या क्षणी पुन्हा हलायला लागतं. ग्रहांची सगळी फोटोग्राफी या क्षणावर उभी आहे. तो कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून कॅमेऱ्याने सेकंदाला १०० फ्रेमच्या वेगाने व्हिडिओ घ्यायचा आणि आलेल्या ढिगातून चांगले क्षण वेचायचे. याला 'लकी इमेजिंग' म्हणतात. असे नशीबवान क्षण किती वेळा मिळतील याचं गणित डेव्हिड फ्रीड या शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये मांडलं. त्यातून निघालेली गोष्ट आपल्यासारख्यांच्या सोयीची आहे. आरसा जितका मोठा, तितकी त्याच्यासमोरची अख्खी हवा एकाच वेळी निवळण्याची शक्यता कमी. लहान दुर्बिणीला तपशील कमी दिसतो, पण तिला जो काही दिसू शकतो तो वारंवार मिळतो. म्हणून पहिली दुर्बीण घेणाऱ्यांना मी ६ किंवा ८ इंचांच्या पुढे जाऊच देत नाही.

आता त्या १२,००० फ्रेमचं काय होतं ते सांगते. ऑटोस्टॅकर्ट नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. ते ग्रहाच्या बिंबाचे छोटे छोटे चौकोन पाडतं आणि प्रत्येक फ्रेममध्ये कुठला चौकोन किती रेखीव आला आहे ते तपासतं. कारण एकाच फ्रेममध्ये गुरूचा उत्तर भाग स्पष्ट आणि दक्षिण भाग फुटलेला असं होऊ शकतं. मग चांगल्या चौकोनांना जागच्या जागी सरकवून त्यांची सरासरी काढली जाते.

भाच्याला 'सरासरी' समजावताना मला गणपतीतली आरती आठवली. ५० जण म्हणत असतात. कोणी वरच्या पट्टीत, कोणी खालच्या, कोणी अर्धा शब्द मागे. तरीही आरतीची चाल स्पष्ट ऐकू येते, कारण प्रत्येकाची चूक वेगळ्या दिशेची असते आणि चाल मात्र सगळ्यांची एकच. प्रत्येक फ्रेममध्ये कॅमेऱ्याचे दाणे, म्हणजे नॉइज, वेगवेगळ्या जागी पडलेले असतात. गुरूचे पट्टे मात्र सगळ्या फ्रेममध्ये त्याच जागी. फ्रेमची संख्या जितकी, तिच्या वर्गमुळाच्या पटीत नॉइज घटतो. १,८०० फ्रेम रचल्या तर नॉइज चाळिसाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. म्हणजे आमच्या गच्चीवरून निघालेला तो फोटो त्याच रात्रीच्या कुठल्याही एकट्या फ्रेमपेक्षा गुरूच्या खऱ्या रूपाच्या जास्त जवळ आहे.

मग २ मिनिटंच का, तासभर का नाही घ्यायचं? कारण गुरू स्थिर बसत नाही. एवढा अवाढव्य ग्रह, पण स्वतःभोवती १० तासांच्या आतच फिरतो. मिनिटाला ०.६ अंश. बिंबाच्या मध्यावरचा एखादा ढग मिनिटभरात पाव विकला सरकतो, २ मिनिटांत अर्धी. माझ्या दुर्बिणीची मर्यादा ०.६ विकला, म्हणजे २ मिनिटं उलटली की ग्रह फिरल्यामुळेच तपशील पुसायला लागतो. विनज्यूपोस नावाचं सॉफ्टवेअर हे फिरणं उलटं वळवून एकामागून एक घेतलेले व्हिडिओ जुळवून देतं, पण नवख्याने आधी २ मिनिटांतच काय ते मिळवावं. शनी फिरतो तितक्याच झपाट्याने, पण त्याच्यावर ठळक ठिपके कमी, त्यामुळे तिथे जरा सवलत मिळते. मंगळाचा दिवस आपल्यासारखाच २४ तास आणि वर थोडा, म्हणून तो निवांत.

शहरातल्या लोकांना माझं हे सांगणं आवर्जून आहे. ग्रहांसाठी अंधाऱ्या गावी जायची गरज नाही. गुरू, शनी, मंगळ इतके तेजस्वी आहेत की रस्त्यावरच्या दिव्यांनी त्यांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते उष्णतेने. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती ऊब सोडत राहतो. शेजारच्या पत्र्याच्या छपरावरून किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटवरून दुर्बीण रोखली, तर गुरू स्क्रीनवर उकळताना दिसतो. माझी दुर्बीण घरातून बाहेर काढल्यावर मी तासभर तिला हातही लावत नाही. आरसा बाहेरच्या हवेइतका थंड झाला पाहिजे, नाहीतर नळीच्या आतच ओढा वाहायला लागतो. आणखी एक अनुभव असा, की कडाक्याच्या थंडीत, वारा सुटलेला असताना, तारे जेव्हा हिऱ्यासारखे चमचमतात आणि सगळे "काय सुंदर आकाश आहे" म्हणतात, ती रात्र ग्रहांसाठी बहुधा वाया जाते. किंचित धूसर, वारा पडलेली, घामट रात्र चांगली.

आपल्याला अक्षांशाचाही फायदा आहे. यंदा, २०२६ च्या जानेवारीत, गुरू मिथुन राशीत होता आणि १० जानेवारीला प्रतियुतीत, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर होता. महाराष्ट्रातून तो मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येत होता. डोक्यावरचा ग्रह म्हणजे मध्ये हवा कमीत कमी. इंग्लंडमधल्या लोकांना हे सुख नेहमी मिळत नाही. ग्रह दक्षिणेच्या राशींत गेले की त्यांच्याकडे ते क्षितिजालगतच राहतात. डेमियन पीच हा तिथला नावाजलेला हौशी छायाचित्रकार ग्रहांसाठी सामान घेऊन बार्बाडोसला जात आला आहे. तो विमानाने ज्या प्रकारच्या आकाशाखाली जातो, तसं आपल्याला घराच्या गच्चीवर मिळतं.

आता "खरा का" या प्रश्नाची दुसरी बाजू. रचलेलं चित्र सुरुवातीला मऊ, पुसट दिसतं. त्यातला दडलेला तपशील वेव्हलेट नावाच्या प्रक्रियेने वर काढतात. यात वेगवेगळ्या आकाराचा तपशील वेगवेगळ्या थरांत सुटा होतो आणि हवा तो थर ठळक करता येतो. इथे हात आवरायला लागतो. जास्त ठळक केलं की मंगळाच्या कडेच्या आत एक चकचकीत खोटी कड उमटते, शनीच्या कड्यांत नसलेल्या रेषा दिसायला लागतात. माझी कसोटी साधी आहे. दहा मिनिटांनी घेतलेल्या दुसऱ्या व्हिडिओतही तीच खूण, ग्रहाबरोबर सरकलेली, दिसते का? दिसली तर ती गुरूवर आहे. नाही दिसली तर ती माझ्या लॅपटॉपवर आहे, आणि ती ठेवायची नाही. एआय वापरून 'स्पष्ट' करणाऱ्या ॲपना मी या कामात अजिबात जागा देत नाही, कारण गुरू कसा असावा याचा ते अंदाज करतात आणि तो अंदाज फोटोत भरतात.

हे मी इतकं ताणून का सांगते, याचं कारण १९ जुलै २००९ ला ऑस्ट्रेलियात घडलं. अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाला आपल्या १४.५ इंची दुर्बिणीतून गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग दिसला. गुरूच्याच एखाद्या उपग्रहाची सावली असेल का? जागा आणि वेग जुळत नव्हते. त्याने कळवलं, हवाईमधली नासाची अवरक्त दुर्बीण तिकडे वळली, आणि गुरूवर काहीतरी आदळल्याची ती खूण असल्याचं निश्चित झालं. शूमेकर-लेव्ही ९ हा धूमकेतू गुरूवर कोसळला त्याला तेव्हा बरोबर १५ वर्षं होत होती. जगातल्या मोठ्या दुर्बिणी रोज रात्री गुरूकडे बघत बसत नाहीत. हौशी लोक बसतात. त्यांनी फोटोत आपल्या मनाचं भरायला सुरुवात केली, तर असा डाग दिसूनही त्यावर कोण विश्वास ठेवणार?

धूमकेतूची गोष्ट पुष्कळ वेगळी आहे. इथे हवेची थरथर फारशी आड येत नाही, कारण धूमकेतू मोठा, पसरट आणि फिकट असतो. इथे हवा असतो अंधार आणि जास्त वेळाचं एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश जास्त वेळ येऊ देणं. तिथेच दुसरी अडचण उभी राहते, ती म्हणजे सगळंच चालत असतं.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये लेमन नावाचा धूमकेतू दिवाळीतच पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला. अमेरिकेतल्या माउंट लेमन इथल्या शोधमोहिमेत तो त्याच वर्षी जानेवारीत सापडला होता. २१ ऑक्टोबरला तो सुमारे ९ कोटी किलोमीटरवर होता आणि सूर्यास्तानंतर पश्चिमेकडे, स्वाती तारा ज्यात आहे त्या भूतप मंडळात दिसत होता. दिवाळीच्या सुट्टीत भाच्याला घेऊन मी वांगणीच्या बाजूला गेले. आकाशदर्शनासाठी मुंबईकडच्या कितीतरी जणांची ही जुनी जागा. ढग येत-जात होते, लांबच्या गावातून फटाक्यांचा धूर वर चढत होता. त्यातून पाऊण तास मिळाला. दुर्बिणीतून एक धुरकट पुंजका, एवढंच काय ते दिसलं. भाच्याचा चेहरा उतरला. पण कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर ३० सेकंदांची पहिली फ्रेम उमटली, तिच्यात हिरवट डोकं आणि वर गेलेली बारीक शेपटी होती, आणि मग तो त्या स्क्रीनसमोरून हलेना.

हिरवा रंग खरा असतो. धूमकेतूच्या डोक्याभोवतीच्या वायूत कार्बनच्या दोन अणूंचा रेणू असतो, तो सूर्यप्रकाशात हिरवा चमकतो. हा रेणू उन्हाने लवकरच तुटतो, शेपटीपर्यंत टिकत नाही. म्हणून डोकं हिरवं, शेपटी कधीच हिरवी नाही. कोणी हिरव्या शेपटीचा फोटो दाखवला तर रंगांशी खेळ झाला आहे, असं खुशाल समजा. वायूची शेपटी निळसर असते, कार्बन मोनॉक्साइडच्या विद्युतभारित रेणूंमुळे, आणि ती सूर्याच्या उलट दिशेला सरळ जाते. धुळीची शेपटी पिवळट पांढरी असते, कारण ती नुसता सूर्यप्रकाश परतवते.

आता चालण्याचं. पृथ्वी फिरते म्हणून आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं. साध्या ट्रायपॉडवर ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने भागायचं, तेवढे सेकंद तारे ठिपके राहतात. ५० मिमीच्या लेन्सला १० सेकंद. आकाशाच्या वेगाने फिरणारा ट्रॅकर असेल तर हा प्रश्न सुटतो, पण धूमकेतू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर स्वतःही सरकत असतो. समजा तो दिवसाला २ अंश जातो. म्हणजे मिनिटाला ५ विकला. १३५ मिमीच्या लेन्सवर ते जवळपास एक पिक्सेल होतं. अर्ध्या तासाच्या ६० फ्रेम ताऱ्यांवर जुळवून रचल्या तर धूमकेतूचं डोकं २५ पिक्सेलभर लांबतं. धूमकेतूवर जुळवून रचल्या तर डोकं रेखीव येतं आणि सगळ्या ताऱ्यांच्या रेघा होतात.

भाच्याने घरी आल्यावर तेच विचारलं, "तारे असे रेघांसारखे का झालेत?" मी त्याला दोन्ही चित्रं शेजारी ठेवून दाखवली. एकात आपण ताऱ्यांबरोबर उभे आहोत, दुसऱ्यात धूमकेतूबरोबर चाललो आहोत. छापून येणारे बहुतेक फोटो या दोन्हींना एकत्र करून बनवलेले असतात, ताऱ्यांचे ठिपके एकातून आणि धूमकेतू दुसऱ्यातून. मला ते मान्य आहे, फक्त तसं लिहिलेलं असावं. स्वतःला मात्र मला ती रेघांची चित्रंच जास्त आवडतात. धूमकेतू अर्ध्या तासात किती गेला, ते त्या रेघांच्या लांबीत मोजता येतं.

ग्रहणात अडचण असते ती उजेडाच्या प्रचंड फरकाची. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणात रात्री ११ ते साधारण १२:२२ पर्यंत, ८२ मिनिटं, चंद्र पूर्ण सावलीत होता. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी, भाद्रपदाच्या ढगांत. पूर्ण चंद्राला एफ ८ (लेन्सचं तोंड किती उघडं ते; आकडा लहान तितकं जास्त उघडं), आयएसओ १०० (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) आणि सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो. खग्रास अवस्थेत एफ ५.६, आयएसओ ८०० ठेवूनही अख्खा सेकंद लागतो. म्हणजे तेव्हाचा चंद्र जवळपास ४,००० पट मंद असतो. आणि एका सेकंदात चंद्र सरकतोच, ४०० मिमीच्या लेन्सवर सात-आठ पिक्सेल. म्हणून ट्रॅकर नसेल तर आयएसओ ३,२०० करून पाव सेकंदात उरकावं. चंद्र तेव्हा तांबडा दिसतो, कारण पृथ्वीच्या कडेकडेच्या हवेतून वाकून जाणारा प्रकाशच तेवढा त्याच्यापर्यंत पोचतो आणि वाटेत निळा रंग विखुरलेला असतो. सावलीच्या अगदी कडेला मात्र एक निळसर पट्टी उमटते. ती वातावरणातल्या ओझोनची, कारण ओझोन तांबडा रंग शोषतो. ती फोटोत पकडायची असेल तर खग्रास सुरू होण्याच्या आधीची आणि संपल्यानंतरची काही मिनिटं चुकवू नका.

सूर्यग्रहणाबद्दल आधी डोळ्यांचं बोलते. फिल्टर सूर्याच्या प्रकाशाचा लाखावा भाग आत सोडणारा, खास सूर्यासाठीचा हवा आणि तो लेन्सच्या किंवा दुर्बिणीच्या तोंडावर बसवायचा, डोळ्याच्या बाजूला कधीच नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, एकावर एक घातलेले गॉगल, यातलं काहीही चालत नाही. २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमधल्या लक्झरजवळ ६ मिनिटं २३ सेकंदांची खग्रास स्थिती असेल. महाराष्ट्रातून त्याच दिवशी दुपारनंतर ते सूर्यग्रहण खंडग्रास दिसेल. खंडग्रासात फिल्टर एका क्षणासाठीही काढायचा नसतो, आणि ऑगस्टच्या ढगांमुळे तो मोह होईल. ढगाआडून सूर्य सौम्य दिसतो आणि ढग सरकायला अर्धा सेकंदही लागत नाही. मुलांसाठी सगळ्यात बिनधोक फोटो स्वयंपाकघरातल्या झाऱ्याचा. झारा उन्हात धरा, सूर्याकडे पाठ करा, जमिनीवर त्याच्या प्रत्येक भोकाची एक एक चंद्रकोर उमटेल. त्या कोरींचा फोटो काढा.

खग्रास स्थितीत मात्र फिल्टर काढावाच लागतो, कारण सूर्याभोवतीचं प्रभामंडल (करोना) सूर्यबिंबाच्या तुलनेत साधारण दशलक्षांश तेजाचं असतं. त्यातही आतला भाग बाहेरच्यापेक्षा कितीतरी उजळ. सेकंदाच्या हजाराव्या भागात आतल्या ज्वाला येतात, बाहेरचे तुरे येत नाहीत. दोन सेकंदांत तुरे येतात आणि आतला भाग पांढरा पडतो. म्हणून सगळी एक्स्पोजर घेऊन ती एकत्र करायची. झेक गणितज्ञ मिलोस्लाव्ह ड्रुकम्युलर यांनी अशी कित्येक एक्स्पोजर जोडण्याची गणिती पद्धत बसवली. त्यांच्या चित्रांत प्रभामंडलातल्या केसासारख्या रेषा दिसतात. कॅमेऱ्याची एकटी फ्रेम ते सगळं एकदम धरू शकत नाही.

आता भाच्याला स्वतः फोटो काढायचा आहे. ३१ डिसेंबर २०२८ ला रात्री साडेदहाच्या आसपास भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसणार आहे. पावसाळा नाही, चंद्र पूर्वेकडे चांगला उंच, आणि खग्रास स्थिती तासाभराहून जास्त. तेव्हा तो १४-१५ वर्षांचा असेल. त्याने वहीत आत्ताच एक्स्पोजरचा तक्ता काढून ठेवला आहे, आणि खाली लिहिलं आहे: फोटोबरोबर तारीख, वेळ, जागा आणि किती फ्रेम ते लिहायचं.